अडीच तोळे तांबं

मुरबाडात मोटरी बांधणारे तसे चार-पाच जण होते, पण जळकी मोटर पाहून "होईल" म्हणणारी एकटी रेश्मा. बाकीचे आधी च्यक् च्यक् करायचे, मग तोंड वाकडं करायचे, मग "परवा या" म्हणायचे. रेश्मा झाकण उघडायच्या आधीच होईल म्हणायची, आणि व्हायचंही. सासऱ्यांच्या मागे अकरा वर्षं दुकान तिनंच चालवलं होतं. बाईमाणसाला काय जमणार म्हणणाऱ्यांच्या विहिरींवर तिनंच बांधलेले पंप पाणी खेचत होते. त्यामुळे तिला थोडा तोरा होता. असेना का! हातात गुण असला की तोरा शोभून दिसतो.

२००२ सालच्या चैत्रात धाऊकाका तिच्या दुकानात आले ते दोन एसट्या बदलून, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं धूड सांभाळत. डोळखांबकडच्या पाड्यांत हळदी गाजवणाऱ्या बेंजो पार्टीचे हे जुने गिटारवाले. सोबत मुलगा ज्ञानेश्वर, आसनगावहून रोज मुंबईला जाणारा, आणि त्याच्या हातात मुंबईहून आणलेलं एक खोकं.

गोधडी सोडली तर आत इलेक्ट्रिक गिटार. कल्याणचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा, चौऱ्याहत्तर साली, काकांनी घेतलेली.

"मुकी झालीय गो," काका म्हणाले. "गुरवारी आमच्या दिपालीची हळद. साऱ्या जगाच्या पोरींच्या हळदीत वाजवली, आन माझ्याच पोरीच्या हळदीत हात बांधून बसू काय?"

"होईल," रेश्मा म्हणाली.

"ताई, मी सगळं नवीन आणलंय," ज्ञानेश्वरनं खोकं उघडलं. खुंट्या, तारा टेकवायची घोडी, बटणं, पिकअप, सगळं चकाचक. "जुनं सगळं काढून टाक. पाहुणे येणार, पोरं व्हिडिओ काढणार. बाबांच्या हातात भंगार नको दिसायला."

"भंगार?" काका भडकले. "या भंगारावर तुझं शिक्षण झालं रे! एक खिळा हलवायचा नाय कुणी."

झाली सुरुवात. बापाला खिळा हलवायचा नव्हता आणि लेकाला खिळासुद्धा ठेवायचा नव्हता. रेश्मानं दोघांनाही स्टुलावर बसवलं आणि गिटार टेबलावर उताणी घातली. अठ्ठावीस वर्षांत तिच्यावर काय काय उद्योग झाले होते! तारा जिथून निघतात तिथली पट्टी म्हशीच्या शिंगाची. सहा खुंट्यांतल्या दोन भलत्याच कुठल्यातरी बेंजोच्या. पुढं चक्क दारावरच्या घंटीचं बटण बसवलेलं.

"हे कशाला?"

"ते दाबलं की आवाज तुटतो," काकांचा चेहरा खुलला. "तार वाजतेय, आपण टक-टक-टक दाबायचं. पोरी त्याच्यावरच तर नाचतात. आमच्या वाळूची करामत."

वाळू म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, पार्टीचा बेंजोवाला. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. शिंगाची पट्टी त्यानं घासली होती, बटण त्यानं बसवलं होतं. तारांखालची गुंडाळी, जिला ज्ञानेश्वर पिकअप म्हणत होता आणि काका माईक, तीसुद्धा कंपनीची काढून वाळूनं आपल्या हातानं गुंडाळली होती, एका जुन्या रेडिओच्या तारेनं. रेश्मानं वरची पत्र्याची पाटी खोलली तर आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं: "वाळू. पाडवा १९८१."

रेश्मानं घंगाळातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि निकाल दिला.

"ऐका दोघंही. झिजलंय ते बदलायचं, मुद्दाम केलंय ते ठेवायचं. खुंट्या घसरतात, त्या सहाच्या सहा नवीन. वॉल्यूमचं बटण खरखरतं, ते नवीन. घंटीचं बटण गंजलंय, ते नवीन घालायचं, पण घंटीचंच. शिंगाची पट्टी राहील. घोडी राहील. माईक जळलाय, तो मी परत बांधते."

"नवा आणलाय ना मी!" ज्ञानेश्वर म्हणाला.

"तो घाल तुझ्या गिटारीला. शिकलास की."

काका खो खो हसले. मग बापलेक बाजारपेठेत पाहुण्यांना बोलावणं करायला गेले, आणि रेश्मानं माईक हातात घेतला. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी बांधणारी बाई, तिला या बोटभर गुंडाळीचं काय कौतुक! मोटर जळली की वाइंडिंगवाला काय करतो? छिन्नीनं गुंडाळी एका बाजूनं सरळ कापतो, कापलेली टोकं मोजतो, जेवढी टोकं तेवढे वेढे, आणि तेवढेच नव्यानं घालतो. हात सवयीनंच चालले. तिनं ब्लेड घेतलं आणि गुंडाळी उभी चिरली.

चिरली आणि टोकं मोजायला वाकली. मोजते काय, कपाळ! मोटरची तार असते सुईसारखी, ही केसाहून बारीक. हजारो टोकं भसकन फुलली आणि टेबलावर तांब्याचा पुंजका पडला, सावरीचं बोंड फुटावं तशी. एक फुंकर बसली असती तर तोही उडून गेला असता. किती वेढे होते? वाळूला ठाऊक. आणि वाळू तर गेलेला.

रेश्मा मटकन स्टुलावर बसली. कंपनीच्या माईकचे वेढे कुठूनतरी कळले असते, पण वाळूनं कंपनीला कुठं विचारलं होतं? वेढे कमी-जास्त झाले की आवाज बदलणार, एवढं तिला कळत होतं. तिनं काय कापलं होतं तेही कळत होतं. मेलेल्या माणसाच्या हातचं काम होतं ते, आणि ते एकदाच होतं. जळून कोळसा झाला होता म्हणून सांगितलं असतं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. ज्ञानेश्वरचा नवा माईक बसवून मोकळं होता आलं असतं. तिनं तसा विचार केलाही. खोटं कशाला बोला?

तीन वाजता बापलेक परत आले तेव्हा ती उभी राहिली.

"काका, माझं चुकलं. मोजायच्या आधी कापला. मोटरीसारखा कापला."

अकरा वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. "तरी मी नवा आणला होता..." ज्ञानेश्वर सुरू झाला, पण काकांनी त्याला हातानंच थांबवलं.

"कुठंय ते?" काकांनी विचारलं.

तिनं वर्तमानपत्रावर गोळा केलेला पुंजका पुढं केला. काकांनी तो ओंजळीत घेतला, जरासा वर-खाली केला. "वाळू दोन रात्री गुंडाळत बसलेला," ते म्हणाले. "येवढ्या मेहनतीचं वजनच नाय लागत हाताला."

"काय म्हणालात?"

"वजन नाय लागत म्हटलं."

"तुमच्या हाताला नाही लागत," रेश्मा म्हणाली आणि तिचा आवाज परत आला, "सोनाराच्या काट्याला लागेल!"

बरोबरच होतं. वेढे मोजता येत नव्हते, पण तांबं तर सगळं समोर होतं. तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच वजनाची तार त्याच सांगाड्यावर चढवली की वेढे आपोआप तेवढेच येणार. तिनं ब्रशनं टेबलावरचा शेवटचा कण गोळा केला, मायक्रोमीटरनं जाडी मोजली आणि पुडी घेऊन समोरच्या सोनाराकडं गेली. सोनारानं आत काय आहे ते पाहिलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"रेश्मा, हे तांबं आहे गं."

"आज सोनं आहे. वजन करा."

अडीच तोळे भरलं.

"ज्ञानेश्वर, शेहेचाळीस गेजची तार," तिनं चिठ्ठी लिहून दिली. "कल्याणला मिळेल. उद्या कामावरनं येताना उतर. आणि त्या खोक्यातल्या खुंट्या तेवढ्या ठेवून जा, त्या खरंच चांगल्या आहेत." पोरगा एवढ्यावरही खूश झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रीळ आलं. रेश्मानं ते आधी काट्यावर नेलं, मग हातमशिनीवर माईक चढवला आणि फिरवायला बसली. तार दोनदा तुटली, दोनदा जोडली. थोडे वेढे घालायचे की रीळ घेऊन रस्ता ओलांडायचा, किती कमी झालं ते पाहायचं, परत यायचं. चौथ्या फेरीला सोनार म्हणाला, "बाई, काटाच घेऊन जा घरी." पाचव्या फेरीला रीळ बरोबर अडीच तोळ्यांनी हलकं झालं. मशिनीवरच्या वेढे मोजणाऱ्या चकतीवर सहा हजार आठशे बारा वेढे दिसत होते. तिनं ते हातावर पेनानं लिहून ठेवले. या बाबतीत आता तिचा कशावर विश्वास नव्हता.

बुधवारी काकांनी दुकानात एकच तार छेडली आणि हात ठेवून बंद केली. रेश्मा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"हितं नाय कळायचं," ते म्हणाले. "हळदीत कळंल. तू ये. पेचकस घेऊन ये."

पेचकस घेऊन ये! म्हणजे काय समजायचं माणसानं? गुरुवारी दिवेलागणीला ती मांडवात पोचली तेव्हा तिच्या पिशवीत आहेराची साडी होती आणि पेचकस होता. दिपाली पाटावर बसलेली, हळदीनं नखशिखांत पिवळी. काका उभे राहिले, गिटार गळ्यात घातली आणि वाजवायला लागले. पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीला त्यांनी बटण दाबलं. टक-टक-टक! मांडवाच्या कडेला बसलेल्या बायका पदर खोचून उठल्या. दिपाली पाटावरून उठू नये म्हणून करवलीनं तिचे खांदे धरले, तरी ती बसल्या जागी हलत होती, हसता हसता रडत होती. रेश्माच्या डोळ्यांतही पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

गाणं संपल्यावर काका घामाघूम होऊन तिच्याकडं आले.

"वाळूची नाय ही," ते म्हणाले.

रेश्मानं पिशवीतला पेचकस चाचपला.

"थोडी गोड हाय. वाळूची जराशी खरखरायची. पन ऐक. वाळूनं कंपनीचा माईक काढून आपला घातला ना, तवा मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. माझी गिटार मारलीस म्हटलेलं. नवव्या दिवशी वाजवली, ती वाजवतच राहिलो." त्यांनी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "पेचकस आणलास?"

तिनं पाटी खोलली. काकांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. वाळूच्या नावाखाली तिनं लिहिलं: "रेश्मा. चैत्र २००२. वेढे ६८१२." आकडा दोनदा गिरवला, म्हणजे पुढं कुणाला ब्लेड घेऊन बसायला नको.

मग तिला वाटलं, नुसतं एवढं कोरडं दिसतंय, गावाचं नावही घालावं. ती पुन्हा लिहायला वाकली तोच काकांनी तिचं मनगट धरलं.

"बस गो," ते म्हणाले. "खाली जागा ठेव."