लोनीच्या डबीतलं ग्रीस

आमच्या केंटकीच्या डोंगरात ज्याच्या बुटात मी कधी काही घातलं नाही, असा एकही माणूस सापडायचा नाही. त्या शनिवारी पाळी होती लोनी बॅरेटची. लोनी म्हणजे आमच्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबचा कप्तान.

ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतायची, मग चरबी लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी धरून गजाने खालपर्यंत ठासायची. चरबी मेंढीची, त्यात थोडं मधमाशीचं मेण. तेवढ्याने दारूची काजळी मऊ राहते. तिथे पेट्रोलियमचं ग्रीस लावलं की काजळीचं डांबर झालंच. म्हणून तर मी लोनीच्या डबीतली चरबी खरवडून काढली, ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस भरलं आणि वरून चरबीचा पातळ हात फिरवला. त्याची दुसरी गोळी अडकणार, तो टोमॅटोसारखा लाल होणार, मी पोट धरून हसणार. बेत एवढाच.

पण लोनीच्या आधी नंबर होता ऑर्फा मावशीचा. ही माझ्या बायकोची मावशी, वय अडुसष्ट. आमच्या संघातली तिसरी जागा ती चार वर्षं मागत होती आणि लोनी चार वर्षं म्हणत होता, "मावशी, हात थरथरतात तुमचे." यंदा त्याने कबूल केलं की आज ठरल्या वेळेत, पाच गोळ्यांत, सध्या त्या जागेवर असलेल्या डॉयल हेन्सलीच्या एक्केचाळीस गुणांच्या पुढे गेलात तर जागा तुमची. मावशीने आठवडाभर स्वयंपाकघरात शिसं वितळवलं, मळी वर यावी म्हणून त्यात वाटाण्याएवढं मेण टाकलं, एकेक गोळी तोलून निवडली. आणि चरबीची डबी चुलीशेजारी विसरून आली!

"ही घ्या माझी," लोनीने डबी पुढे केली. "मागाहून चरबीच्या नावाने बोटं मोडायची नाहीत हं."

बोललो असतो तर क्लबातून हकालपट्टी. म्हणून मी तिच्या टेबलापाशी नोंदीची वही धरून गप्प बसलो.

पहिली गोळी नऊ. दुसरी नळीत अर्ध्यावर अडकली. अशी बंदूक झाडली तर नळीच फुटते. मावशीने गजावर अख्खं अंग टाकलं. गोळी हलेना.

आता मात्र माझ्याने राहवेना. "मावशी, थांब! ती चरबी नाही. बेअरिंगचं ग्रीस आहे. मीच भरलंय."

"वर्लिन स्टिडम!" लोनी ओरडला. "गाढवा!"

पंच एस्टेल म्हणाला, "मावशी, पुढच्या महिन्यात परत घेऊ."

"पुढचा महिना तुझ्या आजीला दे. घड्याळ चालू आहे ना? चालू दे." मावशीने गजाचं टोक कुंपणाच्या खांबाला टेकवलं आणि बंदूकच त्यावर रेटली. गोळी तळाला बसली. बार उडाला. सात.

"आता नळी पुसायला पाणी," मी म्हणालो.

"पाणी नाही," एस्टेल म्हणाला. "सुरुवातीला टेबलापाशी जे होतं, तेवढंच वापरायचं."

"मग थुंकी," मावशी म्हणाली. चिंधी तोंडात घातली, चघळली, बाहेर काढली. कोरडी ठणठणीत. "मेल्या रक्तदाबाच्या गोळ्या. वर्लिन, इकडे ये. थुंक."

"हे चालतं का रे?" लोनीने विचारलं.

"हा सुरुवातीपासून टेबलापाशीच होता की नाही?" मावशी म्हणाली. "मग हा पण माझं सामानच."

एस्टेलने नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. "थुंकी कोणाची, ते लिहिलेलं नाही."

मी थुंकलो. ती पुसत होती, काळं डांबर निघत होतं. सात चिंध्या झाल्या. गोळीच्या चिंधीलाही थुंकीच. तिसरी आठ. चौथी नऊ. आता माझंही तोंड सुकलं.

"तुझ्या बायकोची व्हिनेगरातली काकडी आठव," मावशी खेकसली.

"तिने आंबट केली तर ना!"

"मग लोनी तुझं काय करणार आहे ते आठव."

ते आठवून घाम आला, थुंकी नाही. मी गालाला आतून चावा घेतला, तेव्हा कुठे चिंधी भिजली. मावशीने गोळी ठासली, कोपर टेबलावर रोवला आणि श्वास धरला. तिचे हात थरथरत होतेच. तिने घाई केली नाही. थरथरता नेम फिरून मधोमध आला, तेव्हा चाप ओढला.

नऊ.

मी वहीत तीनदा बेरीज केली. बेचाळीस.

लोनीने माझ्या हातातली वही घेतली, चौथ्यांदा बेरीज केली आणि संघाच्या यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ऑर्फा कूम्ब्स. मग वर न बघता म्हणाला, "मावशी, सराव मंगळवारी. आणि ह्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मावशी बंदूक माझ्या हातात देत म्हणाली, "राहू दे क्लबात. पण संघातल्या सगळ्यांच्या नळ्या वर्षभर हाच धुणार. उकळत्या पाण्याने."