आबासाहेबांची गोळी

धारला पुतण्याच्या साखरपुड्यात विश्वासरावांनी धाकट्या भावाला हाताला धरून मांडवाबाहेर उन्हात आणलं.

"जयसिंग, डोळे पिवळे झालेत तुझे. हल्ली घ्यायला लागलास की काय?"

आसपासची मंडळी हसली. जयसिंगराव खजील झाले. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! महिनाभर जेवण नकोसं झालं होतं, अंगाला खाज सुटत होती. ते सगळं त्यांनी उन्हाळ्यावर ढकललं होतं.

देवासला परतल्यावर सुनेनं, अपेक्षानं, सासू-सासऱ्यांना दवाखान्यात नेलंच. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर गंभीर झाले.

"लिव्हर पर काफी सूजन है, बाबूजी. शराब?"

"कभी नहीं."

"कोई दवा चल रही है?"

जयसिंगराव भिंतीकडे पाहू लागले. प्रोस्टेटचा कॅन्सर, त्यासाठी इंदूरला इंजेक्शन आणि रोज एक हार्मोनची गोळी. घरात हे फक्त बायकोला, भवानीबाईंना, ठाऊक होतं. सुनेसमोर असलं दुखणं कसं सांगायचं?

"बीपी की," ते पुटपुटले.

"बीपीची कसली!" भवानीबाईंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांपुढे ठेवलं. "प्रोस्टेट का कॅन्सर है इनको. ये गोली चल रही है."

अपेक्षा दोघांकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही दर्शनाला म्हणून बसनं इंदूरला जायचात, ते ह्यासाठी? आबासाहेब, मला बताना था ना! मी गाडी काढली असती."

ती रागावली नव्हती, संकोचलीही नव्हती. जयसिंगरावांना एकदम हलकं वाटलं.

डॉक्टरांनी तिथूनच इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ह्या गोळीनं क्वचित कोणाच्या लिव्हरला असा त्रास होतो, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं असतं. बरं वाटतंय म्हणून जयसिंगरावांनी ते टाळलं होतं. गोळी त्याच दिवशी बंद झाली. इंजेक्शन तेवढं चालू राहिलं. हळूहळू खाज गेली, डोळे निवळले, रिपोर्टातले आकडे उतरले. कॅन्सरही आटोक्यात होता.

पुढच्या इंजेक्शनला अपेक्षानंच गाडी काढली. जयसिंगराव पुढच्या सीटवर, काच खाली करून. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर वाढलं होतं. वाटेत गरम कचोरी खाऊन झाली, तशी त्यांनी आणखी एक मागितली.

"अहो, लिव्हर आत्ता कुठे सावरलंय!" मागून भवानीबाई म्हणाल्या.

"मग अर्धी," असं म्हणून त्यांनी उरलेली अर्धी सुनेच्या हातावर ठेवली.