गच्चीवरच्या अँटेनाचे खाडे

मित्रांनो, मी एक जुनी अँटेना आहे, धारवाडच्या सप्तापुरातल्या एका गच्चीवरची. रायापूरच्या टॉवरकडे बघत आठ वर्षं ऊन-पावसात उभी आहे. घरातलं इंटरनेट माझ्यामार्फतच चालतं. कधी कुरकुर केली नाही, पण आज मनातलं सांगतेच.

खाली निवृत्त शिक्षिका वत्सलाअक्का आणि त्यांचे यजमान नारायणअण्णा राहतात. अण्णांच्या छातीवर ठोके मोजणारं यंत्र आहे. ठोके बिघडले की ते माझ्यामार्फत अक्कांच्या मोबाईलवर घंटी वाजवतं. तरीही अक्का बाहेर गेल्या की शेजारच्या मथुराबाई अण्णांजवळ बसायच्या.

मग समोर चार मजली इमारत उठली. टॉवरच्या लहरी तिच्यावर आपटून वाकड्या वाटेनं येऊ लागल्या आणि सरळ आलेल्या लहरींनाच मारू लागल्या. सिग्नल मधेच तुटायचा. मी तरी काय करणार!

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी दीपश्री विद्यापीठात सिग्नलच्या अशा खंडांचंच गणित मांडते. तिनं मला दर मिनिटाचा सिग्नल तिच्या विद्यापीठातल्या संगणकाला कळवायला लावलं. महिन्याभरानं ती हसत खाली आली.

"अक्का, शंभरात नव्व्याण्णव मिनिटं चालतंय बघा की! कशाला काळजी करताय?"

केवढं कौतुक झालं माझं! अक्कांनी मथुराबाईंना बोलावणं सोडलं. हे खरं नाही असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण मित्रांनो, मला ओरडायलाही सिग्नलच लागतो.

एका रविवारी अक्का रायापूरला बारशाला गेल्या. दुपारी मी वीस मिनिटं मुकी झाले आणि नेमके तेव्हाच अण्णा कोसळले. घंटी वाजलीच नाही. अण्णा जगले, पण मदत उशिरा पोचल्यानं त्यांची वाचा गेली.

दीपश्री रडत रडत अक्कांसमोर बसली. "खंड पडला की नोंदच पोचत नव्हती, अक्का. मी त्या रिकाम्या ओळी गाळल्या आणि उरलेल्यांचा हिशेब केला."

"अगं, हाक मारल्यावर जे पोर ओ देत नाही, त्याच्यापुढं खाडा मांडायचा असतो की," अक्का म्हणाल्या. "तू हजेरीतून नावच खोडलंस?"

आता दीपश्री रिकाम्या मिनिटांचेही खाडे मांडते. शंभरात अकरा निघाले. मला फार लाज वाटली. मथुराबाई पुन्हा येऊन बसतात.

मित्रांनो, कुणी गप्प झालं तर ते बरं आहे असं धरू नका हो. उठून जाऊन बघा. खाली अक्का अजून "अहो" म्हणून हाक मारतात, आणि अण्णा नुसते त्यांच्याकडे बघत राहतात.