ओरेस्टच्या वाट्याची माती

ओरेस्टची आई जानेवारीत गेली आणि आमच्या क्लबात त्याचा भाव एकदम वधारला.

तसा तो आधीही काही कमी नव्हता. रेडक्लिफच्या कॅनेडियन क्लबाचा तो अध्यक्ष. क्लब कसला, समुद्रकाठच्या बोलिंग क्लबाची मागची खोली, महिन्यातला एक रविवार, आणि आपल्या पायांनी देश सोडून आलेली, परत जायचं नाव न काढणारी पंधरा-वीस म्हातारी डोकी. मीही त्यातलीच. कॅनडातल्या मॅनिटोबाची. नवऱ्यामागे इथे आले, नवरा गेला, मी राहिले. आम्ही जमतो, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात-खिमा खातो, क्वीन्सलँडच्या उन्हाला शिव्या घालतो आणि घरी जाऊन एसी लावतो. तो एसी ओरेस्टने बसवलेला असतो. सस्कॅचेवानच्या बर्फात वाढलेला हा माणूस इथे गारवा विकून गब्बर झाला. दुकानाच्या पाटीवर पांढरं अस्वल काढलंय. त्याच्या झोरिया गावात तसलं अस्वल कुणी बापजन्मात पाहिलेलं नाही, पण इथे विचारतंय कोण?

आमच्या झेंड्यावरचं मेपलचं पान नाही असा कपडा त्याच्या अंगावर मी पाहिला नाही. हौस वगैरे काही नाही, नुसती भीती. कुणी आपल्याला अमेरिकन समजलं तर? बारवरच्या केव्हला हे पक्कं ठाऊक. दर बैठकीला तो विचारणारच, "काय रे यँक, काय घेणार?" आणि ओरेस्ट दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा लाल होणार. एवढंच काय ते आमच्या क्लबातलं करमणुकीचं साधन.

तर त्या जानेवारीत, बाहेर डांबर पायाला चिकटत असताना, ओरेस्ट लोकरीची टोपी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आई गेली."

आम्ही सगळेच हळहळलो. मीसुद्धा. आई कुणाची का असेना.

"मग कधी निघतोयस?" मी विचारलं.

"आत्ता जाऊन काय करू, मार्लिस? जमीन दगडासारखी गोठलीय. कुदळ मारली तर ठिणग्या उडतील. थंडीत गेलेल्या माणसाला आमच्याकडे लगेच पुरत नाहीत. दफनभूमीच्या कोपऱ्यात लाकडी खोली असते, तिथे पेटी ठेवतात. मे महिन्यात जमीन सुटली की मग माती देतात."

केव्हच्या हातातला ग्लास पुसता पुसता थांबला. "म्हणजे तुझी आई मेपर्यंत... शेडमध्ये?"

"वाट बघतेय," ओरेस्ट म्हणाला. "माझी. पहिली मूठ माझ्या ओरेस्टचीच पडली पाहिजे, असं ती कायम म्हणायची."

केव्हने त्या दिवशी त्याला यँक म्हटलं नाही. बिअरचे पैसेही घेतले नाहीत.

मला शंका यायचं काही कारणच नव्हतं. माझ्या आजोबांना असंच ठेवलं होतं. शाळेत जाताना आम्ही पोरं त्या खोलीजवळून डोळे मिटून पळायचो. जमीन गोठते हे खरं. पण जानेवारी हा इथे भर उन्हाळा, एसीच्या धंद्याचा ऐन हंगाम, हेही तितकंच खरं. आणि ओरेस्ट बाप गेल्यावर एकदा गावी जाऊन आला होता, त्यानंतर त्याने तिकडचं तोंड पाहिलं नव्हतं. घराच्या गप्पा मात्र अशा मारायचा, जणू सकाळीच गोठ्यातून दूध काढून आलाय.

पुढे आई दर महिन्याला थोडी थोडी वाढत गेली. फेब्रुवारीत त्या लाकडी खोलीभोवती लांडगे फिरायला लागले. मार्चमध्ये खिडकीवर बर्फाची फुलं उमटली. लोकांच्या भिंतीला भोकं पाडता पाडता हा त्यांना आईची गोष्ट सांगायचा आणि बायका त्याला चहा करून द्यायच्या. इथल्या रेडिओवरही जाऊन आला. "माझी आई वसंताची वाट बघतेय," असं काहीतरी म्हणाला म्हणे, आणि निवेदिकेने त्याच्या आईसाठी एक गाणं लावलं.

त्याची बायको ग्लेनिस इथलीच, क्वीन्सलँडची. एकदा सॉसेज उलटता उलटता मला म्हणाली, "म्हातारी जिवंत होती तेव्हा वाढदिवसाचा फोन मी हातात द्यायचे त्याच्या. आता बघ, दिवसातून दहा वेळा आई."

एप्रिल सरता सरता क्लबाने ठरवलं, ओरेस्टला रीतसर निरोप द्यायचा. दफनाच्या दिवशी झोरियाच्या चर्चमध्ये क्लबातर्फे फुलंही पाठवायची. तारीख आणि पत्ता विचारायचं काम माझ्याकडे आलं. ग्लेनिसकडून ओरेस्टच्या धाकट्या बहिणीचा, लेसियाचा, नंबर घेतला आणि एका सकाळी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

मी ओळख सांगितली. म्हटलं, "आईंच्या दफनाची तारीख हवी होती."

"कुठलं दफन?"

"म्हणजे... मे महिन्यातलं."

"अहो, आईला जानेवारीतच माती दिली."

"पण जमीन गोठलेली होती ना?"

ती हसली. दमलेल्या माणसाचं हसू. "कुठल्या जमान्यात आहात तुम्ही लोक? आता जमीन तापवायचं यंत्र येतं. रात्रभर गॅसवर तापणारं झाकण ठेवतात, सकाळी जेसीबी येऊन खड्डा काढतो. ती लाकडी खोली पाडून तिथे गाड्या लावायची सोय केलीय, तिलाही जमाना झाला."

"ओरेस्टला हे ठाऊक नाही?"

"सांगायला गेले होते की. म्हटलं, मंगळवारी आहे, कसाही ये, नाहीतर दोन दिवस थांबते. तो म्हणाला, जमीन गोठलेली असणार, मी मेमध्ये येतो. तेवढ्यात कुणाचा तरी एसी बिघडला म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, यायचं नसेल म्हणून बोलतोय. परत फोन नाही. पाद्री विचारत होते, मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, येईल. पेटी खाली सोडून आम्ही तसेच उभे राहिलो बराच वेळ. मग पहिली मूठ टाकली मीच."

मला त्या माणसाचा संताप आला आणि, खोटं कशाला बोलू, आम्हा सगळ्यांचाच आला. पंधरा-वीस कॅनेडियन त्या खोलीत बसून चार महिने उसासे टाकत होते आणि त्यांतल्या एकालाही आपल्या देशात आता माणसं कशी पुरतात याचा पत्ता नव्हता. आम्ही ज्या दिवशी निघालो त्या दिवशीच देश थांबला, अशी आमची समजूत. घराविषयी बोलायचा मक्ता मात्र आमच्याकडे.

"ऐका," लेसिया म्हणाली. "थंडीत बुजवलेला खड्डा बर्फ गेल्यावर खचतो. गोठलेली ढेकळं वितळली की माती खाली बसते. आईचाही खचलाय, चांगला गुडघाभर. आता तो वरून भरायचाय. दादा खरंच येत असेल तर मी कुणाला हात लावू देत नाही. त्याच्या वाट्याची माती बाजूला काढून ठेवते. तिला हवी होती तशी त्याची मूठ पडेल. एवढं सांगाल त्याला?"

मी तशीच दुकानात गेले. ओरेस्ट एसीच्या खोक्यांमध्ये बसून डोनट खात होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, हातातला डोनट खाली आला. एक क्षण मला वाटलं, आता हा रडणार, आणि माझा राग जाणार.

"क्लबात कुणाला बोललीस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग नको बोलूस."

"अरे, ते मरू दे! खड्डा खचलाय. लेसिया तुझ्यासाठी थांबलीय. तिकीट काढलंयस ना? जा आणि टाक आईवर माती."

"खचलेला खड्डा भरायला एवढं अर्धं जग ओलांडून जाऊ?" तो म्हणाला. "त्याला यंत्र असतं ना आता? तूच तर सांगितलंस."

"तुझी आई म्हणाली होती ना रे, तुझीच मूठ पाहिजे म्हणून? का तेही रेडिओपुरतंच होतं?"

"सॉरी, मार्लिस," तो म्हणाला. सॉरी म्हणायला आम्हा कॅनेडियनांच्या जिभेला काही कष्ट पडत नाहीत. दाराला धक्का लागला तरी आम्ही दाराला सॉरी म्हणतो.

निरोपसमारंभ मात्र झाला. ओरेस्टने त्यासाठी काळा कोट घेतला होता. केव्हने आईच्या नावाने रमची बाटली दिली. बायकांनी मिठ्या मारल्या. मीही मारली आणि कानात म्हटलं, "अजून वेळ गेलेली नाही." तो मान हलवत टॅक्सीत बसला. सगळ्यांनी झेंडे हलवले. मला वाटलं, एवढं नाटक केल्यावर लाजेकाजेस्तव तरी जाईल.

आठवड्याने लेसियाचा फोन. "दादा कुठवर आलाय? मी त्याची खोली झाडून ठेवलीय. पिरोगीही करून ठेवल्यात, बटाट्याचं सारण भरून, त्याला आवडतात तशा."

मी ग्लेनिसच्या घरी गेले. तिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं. "इथेच, रेनबो बीचला आहे. कॅरव्हॅनमध्ये. मासे धरतोय. कोट तिथेच टांगलाय, किमतीच्या चिठ्ठीसकट. मार्लिस, तू कुणाला सांगू नकोस. मला याच माणसाबरोबर राहायचंय अजून."

तिच्यासाठी मी मिठाची गुळणी धरली. लेसियाला म्हटलं, धंद्यात अडकलाय, येईल. खोटं बोलताना माझीच मला किळस आली. पण ती बाई भोळी नव्हती. "बरं," म्हणाली, "मी थांबते." मग दर रविवारी तिचा फोन यायला लागला. कधी आम्ही अहोजाहो सोडलं, कळलंही नाही. ती मला पेरण्या झाल्या का ते सांगायची, कुणाच्या गाईला वासरू झालं ते सांगायची. शेवटी हळूच म्हणायची, आज पाऊस झाला, खड्ड्यात पाणी साचलंय. शेजारचे म्हणतात, लेसिया, आईची कबर अशी काय ठेवलीस उघड्यावर? पाद्रीही दोनदा बोलले. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. दादा येतोय.

आणि मग आली एक जुलै. कॅनडा दिन. आमचा मोठा सण. इकडे तेव्हा हिवाळा असतो, म्हणजे सकाळी स्वेटर घालावा की नाही असा प्रश्न पडतो. भिंतीवर झेंडा, टेबलावर गोड बटर टार्ट, आणि अध्यक्षांचं भाषण.

ओरेस्ट उभा राहिला. त्याने आवाज खाली आणला.

"मे महिन्यात मी माझ्या आईला माती दिली," तो म्हणाला. "ती काळी माती हातात घेतली तेव्हा ती अजून गार होती. आतून. लेसिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मी मूठ उघडली आणि आईला म्हणालो, आई, मी आलो घरी."

केव्ह बारमागे डोळे पुसत होता. बायका नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. ग्लेनिस ताटलीतल्या टार्टचे तुकडे करत होती, तुकड्यांचे तुकडे. आणि ओरेस्टच्या गालावरून पाणी ओघळत होतं. खरं पाणी! मेल्याला स्वतःचंच खरं वाटायला लागलं होतं. त्यापुढे मला राहवलं नाही. मी ग्लेनिसकडे पाहिलं. तिने नजर उचलली नाही, पण नको अशी मानही हलवली नाही.

"ओरेस्ट," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "लेसियाचा फोन होता. खड्ड्यात पाणी साचलंय म्हणते. ती अजून थांबलीय. तू कधी जाणार आहेस, ते विचारत होती."

माना त्याच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे.

"कुठला खड्डा?" केव्हने विचारलं.

ओरेस्टने रुमाल काढला, चेहरा पुसला, घडी घालून खिशात ठेवला. "सॉरी," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "सगळे उभे राहा. राष्ट्रगीत."

आणि सगळे उभे राहिले. काहींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चर्चमध्ये थुंकले होते. केव्हनंतर कुणी एका शब्दाने विचारलं नाही, खड्डा कुठला, थांबलीय कोण. विचारलं असतं तर चार महिन्यांचे उसासे परत घ्यावे लागले असते.

मी फोन घेऊन बाहेर आले. समोर समुद्र, बोलिंगची हिरवळ. तिकडे तीस जूनची संध्याकाळ होती. लेसियाने लगेच उचलला.

"लेसिया," मी म्हटलं, "नको थांबूस आता. तो येणार नाही. तूच भर."

तिकडे कुत्रा भुंकत होता, कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. मला वाटलं, रडतेय. पण आवाज आला तो साधाच होता.

"ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "उगाच आपलं. बरं, उद्या भरते. फावडं बाहेरच आहे." मग तिने विचारलं, "एक मूठ तुझ्या नावाने टाकू का? तूही इकडचीच ना."

माझ्या आईच्या कबरीवर मी शेवटची कधी गेले होते, ते मला आठवेना. ती थंडीत गेली होती. तिचा खड्डा खचला होता का, कुणी भरला, मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"टाक," मी म्हटलं.

आत त्यांना दुसरं कडवं येत नव्हतं, म्हणून ते पहिलंच पुन्हा गात होते.