होडीतलं गाणं आणि माझा सूड

मी एक जुना कर्णा आहे. सिनेमाच्या थिएटरात पडद्यामागे उभा असतो, तो. तुम्ही मला पाहिलेलं नाही याची मला कल्पना आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं माझं ऐकलं, त्यांनीही मला पाहिलेलं नाही. नायक "आई" म्हणाला की तुम्हाला वाटतं, नायक बोलला. मित्रांनो, नायक नुसता ओठ हलवतो. बोलतो मी.

माझं खोकं एका सुतारानं केलं. तो इतका काटेकोर होता की लग्नाच्या मांडवातसुद्धा खांब सरळ आहेत का ते बघत बसे आणि जेवायचं विसरे. माझा गळा पत्र्याचा आहे आणि आवाज कागदाचा. होय, कागदाचा. पातळ कागदाचा एक शंकू थरथरतो आणि त्याला तुम्ही आवाज म्हणता. शंकूच्या पाठीमागे एक मोठं लोहचुंबक आहे. लोहचुंबक धरतं ते सोडत नाही, आणि माझा स्वभाव त्याच्यावर गेला आहे. तेव्हा ही गोष्ट क्षमेची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. क्षमेच्या गोष्टी दुसरीकडे भरपूर मिळतात.

पडद्याला सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं असतात. माझा आवाज त्यांतून बाहेर जातो आणि प्रेक्षकांचे चेहरे त्यांतूनच आत येतात. चित्र मला उलट्या बाजूनं दिसतं, त्यामुळे माझ्या माहितीतले सगळे नायक डावखुरे आहेत. पण सिनेमा म्हणजे काय ते मी पडद्यावर शिकलोच नाही. ते मी चेहऱ्यांवर शिकलो. मारामारी चालू असताना माणसं एकमेकांकडे बघतात. विनोद झाला की शेजारी हसला का ते बघतात. गाणं लागलं की मात्र कुणी कुणाकडे बघत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन येतो, आणि खुर्चीला त्याचा पत्ता लागत नाही.

मला आवडलेली गाणी पुष्कळ. एका सिनेमात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको भिंतीवरच्या बारा घड्याळांच्या टिकटिकीवर गुणगुणायची. बारांपैकी एक घड्याळ मागं होतं, आणि सगळी गंमत त्या मागं राहण्यात होती. दुसऱ्या एका सिनेमात नायक सायकलचं पंक्चर काढता काढता स्वतःशीच गायचा, आणि हवा भरताना त्याचा सूर वर जायचा. त्या सिनेमांच्या गोष्टी आज विचाराल तर मला सांगता येणार नाहीत. कुणाला तरी कुणाशी तरी लग्न करायचं होतं, एवढं आठवतं. गाणी मात्र एकूण एक पाठ आहेत. माझं मत विचाराल तर ते असं: माणसाला जे तोंडानं बोलता येत नाही, त्याच्यासाठी सिनेमावाल्यांनी गाण्याची सोय करून ठेवली आहे. आणि नेमकं तेव्हाच काही लोक विडी ओढायला उठतात. असे एकशे चौदा जण माझ्या लक्षात आहेत, चेहऱ्यासकट.

पण एकशे चौदा जण एकीकडे आणि आमचे मॅनेजरसाहेब एकीकडे.

आमच्या थिएटरात एक बाई बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायची. सगळे तिला बॅटरीताई म्हणत. मशीनच्या खोलीत ऑपरेटरकाका असत. ते कमी बोलत, कारण मशीनच्या घरघरीत बोललेलं ऐकू जात नाही, आणि पुढं तीच सवय घरीही लागली. बॅटरीताई सतरा वर्षांची असताना गाण्याच्या क्लासच्या मास्तरांनी तिला एका रेकॉर्डिंगला कोरसमध्ये उभं केलं होतं. होडीतलं गाणं होतं. तिसऱ्या कडव्यात दमलेल्या नायिकेला तिची मैत्रीण म्हणते, "वल्हं माझ्या हाती दे, तू जरा निजून घे." ही ओळ म्हणणारी ठरलेली मुलगी आली नाही. मास्तरांनी मागं वळून पाहिलं आणि बोट ताईकडे केलं. एक ओळ. सिनेमाच्या नामावळीत कपडे धुणाऱ्याचंसुद्धा नाव होतं, ताईचं नव्हतं.

लग्नानंतर तिनं ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. चूक तिथंच झाली. तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडलं की सासूबाई म्हणायच्या, "चालायचंच. सिनेमात गाणाऱ्या बायकांचं लक्ष कुठं असतं चुलीकडं?" पाहुणे आले की म्हणायच्या, "आमच्या सूनबाई गायिका आहेत हो. पुरावा नाही, पण आहेत." अशी वीस वर्षं गेली. तो सिनेमा पुन्हा कुठंच लागला नाही आणि ताईला सिनेमातली आपली ओळ कुणाला ऐकवता आली नाही. शेवटी शेवटी तर ती ऑपरेटरकाकांना म्हणाली होती, "काका, मलाच कधीकधी वाटतं, मी थाप मारतेय."

आणि मग तो सिनेमा आमच्याच थिएटरात आला. जुना होता, एका आठवड्यासाठी आला होता. सोमवारी पहिल्या खेळाला मी ते गाणं म्हटलं. ताई बॅटरी विझवून भिंतीला टेकून उभी राहिली. तिसरं कडवं आलं, तिची ओळ माझ्या कागदातून गेली आणि मला कळलं की इतकी वर्षं मी कशासाठी थरथरत होतो. ताईनं लगेच सासूबाईंना मंगळवारी दुपारी यायचं कबूल करायला लावलं.

मंगळवारी सकाळी मॅनेजरसाहेब एक डबा घेऊन आले. त्यांनी स्वतःची फिल्म काढून घेतली होती. प्रेक्षकांनी थिएटरात कसं वागावं, या विषयावर. तीत ते थिएटरभर चालत आणि घनगंभीर आवाजात सांगत, "खुर्चीवर पाय ठेवू नका. खेळ चालू असताना जागेवरून उठू नका." एकाच जिन्यावरून ते तीनदा उतरत, चढताना मात्र एकदाही दिसत नसत. फिल्म पावणेचार मिनिटांची होती.

"रोज खेळाच्या आधी लावायची," ते ऑपरेटरकाकांना म्हणाले.

"वेळ वाढेल, साहेब."

"मग तेवढं कुठून तरी काढा. गाणं काढा एखादं. गाण्यावाचून कुणाचं काय अडतं?"

होडीतलं गाणंही बरोबर पावणेचार मिनिटांचं होतं.

काकांनी तोंड उघडलं आणि सवयीनं मिटलं. ब्लेड घेतलं, गाणं कापलं, गुंडाळून डब्यात ठेवलं. ताई तेव्हा घरी सासूबाईंची तयारी करून देत होती. तिला कुणी सांगितलं नाही.

दुपारी सासूबाई तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. लांबचं दिसत नाही म्हणून पुढं. होडी आली. नायिकेनं तोंड उघडलं. आणि पुढच्याच क्षणी कोर्टातले न्यायाधीश म्हणाले, "गप्प बसा."

सगळं थिएटर हसलं. सासूबाई मागं वळून ताईला म्हणाल्या, "त्यांनीसुद्धा ओळखलं गं तुला." सासूबाईंचा आवाज माझ्या मदतीशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

ताईनं उशिरा आलेल्या एका जोडप्याला खुर्च्या दाखवल्या. बॅटरीचा उजेड जमिनीवर हलत होता, एवढंच.

मित्रांनो, न्यायाधीशांचं ते वाक्य मीच बोललो होतो. माझ्याच गळ्यातून. तेव्हा मी ठरवलं.

कर्ण्याला सूड घ्यायचा तर त्याच्याकडं एकच हत्यार असतं, खरखर. माझ्या कागदाला कडेशी वर्षभर एक चीर होती. काकांनी ती तीनदा मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातली होती, आणि साहेबांनी तिन्ही वेळा विचारलं होतं, "आवाज येतो ना? मग झालं." आजवर मी ती चीर सांभाळत आलो होतो. आता सांभाळणं सोडलं. साहेबांच्या फिल्ममधला घनगंभीर आवाज आला की मी मुद्दाम सैल व्हायचो. बुधवारी चीर बोटभर झाली. शुक्रवारपर्यंत साहेबांचं "खुर्चीवर" हे "खुर्र्र" असं निघू लागलं आणि मागच्या रांगा खिंकाळू लागल्या. पण मला रांगांचं हसू नको होतं. मला रविवार हवा होता. रविवारी दुपारी साहेबांचे होणारे व्याही आणि विहीणबाई बाल्कनीत बसून साहेबांची फिल्म बघणार होते. मुलीचं जमत आलं होतं. शब्द तेवढा द्यायचा राहिला होता. मी चीर फाडत गेलो आणि दिवस मोजत गेलो. इतका आनंद मला चांगलं गातानाही कधी झाला नव्हता.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. कर्ण्याला कोण सांगणार? पडद्यामागं मी सूड रचत होतो, तसे मशीनच्या खोलीत आणखी दोघं जण रचत होते.

रविवारी सासूबाई पुन्हा तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शेजारच्या बाईला सांगत होत्या, "सून म्हणते, पुन्हा एकदा चला. गेल्या खेपेला तिच्या आवाजाऐवजी न्यायाधीश ऐकला. आज बहुतेक फाशीच देतील."

दिवे गेले. मी अंग सैल सोडलं. या, साहेब, म्हटलं, या.

आणि होडी आली.

काकांनी साहेबांच्या फिल्मच्या जागी गाणं जोडलं होतं. पावणेचार मिनिटांच्या जागी पावणेचार मिनिटं. साहेब बाल्कनीत ताठ बसले होते, व्याह्यांना हातानं "बघा हं" करत. त्यांचा तो हात तसाच हवेत राहिला. मग ते उठले आणि मशीनच्या खोलीकडं निघाले. जिन्यावर ताई उभी होती. तिनं बॅटरीचा झोत त्यांच्या पायांवर मारला.

"खेळ चालू असताना उठायचं नाही, साहेब," ती म्हणाली. "तुमचाच नियम आहे."

"अहो, बाजूला व्हा."

"लोक बघतायत. व्याहीसुद्धा."

साहेब खाली बसले. जिन्यावरच.

इकडं माझी काय अवस्था झाली असेल बघा. ज्या गाण्यासाठी सूड घ्यायचा, तेच गाणं आता माझ्या गळ्यात, आणि गळा मी स्वतःच्या हौसेनं फाडून ठेवलेला. पहिलं कडवं कसंबसं नेलं. दुसऱ्यात एक तान आली, ती मी चीर आवळून धरून पार केली. कर्ण्याला कधी घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी फुटला असता. तिसरं कडवं आलं. ताईचा आवाज सतराव्या वर्षीही जाड होता, आणि जाड आवाज नेमका चिरेला जाऊन भिडतो. "वल्हं माझ्या हाती दे" इथपर्यंत मी धरून होतो. "तू जरा निजून घे" ला चीर उघडली, आणि तिची ती एकुलती एक ओळ माझ्या तोंडून खरखरत, फाटक्या पिशवीतून धान्य सांडावं तशी बाहेर पडली.

मेलो, म्हटलं. वीस वर्षांत एकदा संधी आली आणि ती आपणच खाल्ली.

सासूबाईंच्या शेजारची बाई म्हणाली, "शी, काय फाटका आवाज आहे हो."

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेचा आहे."

"कशावरून?"

"कशावरून काय? पहाटे उठून दूध आणायला निघताना 'आई, दार लावून घ्या' म्हणते ना, तेव्हा असाच असतो. अगदी अस्सा. रोज ऐकते मी. गाऊन दाखवायची तेव्हा घसा साफ करून गायची, म्हणून कधी पटलं नाही."

थिएटरभर ऐकू गेलं. जिन्यावरही गेलं. ताईनं बॅटरी विझवली. अंधारात तिनं काय केलं ते मला दिसलं नाही. भोकं लहान असतात.

बाहेर पडताना सासूबाई तिला म्हणाल्या, "एकच ओळ होय? मला वाटलं, सबंध गाणं असेल." चार पावलं गेल्यावर पुन्हा थांबल्या. "पण बरी आहे ओळ. घरी म्हणत जा."

व्याही साहेबांना म्हणाले, "तुमच्या आवाजाबद्दल फार ऐकलं होतं. बाईचा असेल असं वाटलं नव्हतं." विहीणबाई त्या क्षणी हसल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात जाऊन हसल्या. लग्न झालं, पण साहेबांच्या आवाजाचा विषय त्या घरात अजून निघतो, असं ऐकतो.

आपली माणसं आपलं ऐकत नाहीत हे व्याह्यांना कसं सांगणार? साहेबांनी सांगितलं, "कर्णा बिघडलाय." त्यामुळे ताई राहिली, काका राहिले, आणि माझी बदली झाली. नव्या काळ्या खोक्यांना माझी जागा मिळाली आणि मला जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी ठेवलं. माझी चीर सांधायला पातळ कागदाचा एक तुकडा आणि डिंक पुरला असता. कुणाला सुचलं नाही. काका सुटीच्या आधी येऊन माझ्यावरची धूळ झटकून जातात. ताई कधीमधी डबा खायला इथं बसते आणि सासूबाईंच्या तक्रारी सांगते. सासूबाई आता म्हणतात, "गायिकाबाई, भाजीत मीठ जास्त झालंय." भाजी तीच, मीठ तेवढंच.

तेव्हा मित्रांनो, सिनेमाला जाल तेव्हा गाणं लागलं की बसून राहा. मागं कोरसमध्ये कुणीतरी उभं असतं. तिच्या वाट्याला एकच ओळ आलेली असते, आणि तुम्ही नेमके तिच्याच वेळी दाराकडं चालू लागता. एकशे पंधरावे होऊ नका. मी चेहरे विसरत नाही. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही कुरकुरत असेल, तर कुरकुर लहान आहे तोवर त्याच्याकडं बघा. पुढं ते काय करून बसेल, त्यालाही सांगता येत नाही.

राहता राहिले साहेब. ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांची फिल्म याच खोलीत, माझ्या शेजारच्या डब्यात आहे. डब्याला गंज चढला आहे. झाकणाच्या फटीतून गेले काही महिने आंबट वास येतो, म्हणजे आत फिल्म चिकटून तिचा लगदा होऊ लागला आहे. वेळीच डबा उघडून वारा दिला तर ती वाचेल. हे कुणाला तरी सांगायला हवं, हे मला पटतं. पण मला तार जोडलेली नाही. आणि कुणी जोडलीच, तर आधी मी होडीतलं गाणं म्हणेन, तिन्ही कडवी, सावकाश. डब्याचं त्यानंतर बघू.