उसासारखी आवळलेली बोट

सोमनाथचा फोन आला तेव्हा मी एका टाकीच्या बुडाला फायबरची मॅट चढवत होते. हाताला चिकट रेझिन असताना मी फोन घेत नाही, हे चितेगावात सगळ्यांना माहीत आहे. तरी तो तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा इलियासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खुर्चीतून उठून तो माझ्या कानाला लावला.

"भाभी, तुमचा जोड उघडला. बोटीत पाणी शिरलं. बाया होत्या बोटीत."

"कुणाला काय झालं?"

"नाय, कुणाला काय नाय. डब्याच्या झाकणांनी पाणी उपसत कसंबसं काठाला लागलो. पण आता कुणी बसंना. बोट घेऊन निघालोय तुमच्याकडं."

बाया वाचल्या हे ऐकून आधी जीव भांड्यात पडला आणि मग लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. तुमचा जोड उघडला! बावीस वर्षं झाली आम्हाला या शेडमध्ये. आधी इलियास करायचा, त्याची छाती ग्राइंडरच्या धुळीनं गेल्यापासून मी करते. टाक्या, पत्रे, मूर्तींचे साचे आणि वर्षाला दोन-चार होड्या. आमचा एक जोड कधी उघडला नाही. आणि हा माणूस नीट न पाहताच फोनवर सांगतो, तुमचा जोड उघडला.

सोमनाथ नाथसागरात, म्हणजे पैठणच्या धरणात, मासे धरतो. सकाळ-संध्याकाळ त्याच बोटीनं नऊ बायकांना पलीकडच्या काठावर सोडतो आणि आणतो. तिकडे कापसाची वेचणी असते, कांद्याची लावण असते. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा, अर्धा दिवस जीपमध्येच जातो. म्हणजे बोट नाही तर काम नाही. बोट अठरा वर्षांची जुनी, फायबरची. धरणाचं पाणी उतरलं तेव्हा खडकावर घासून डाव्या बाजूला तिला भोक पडलं होतं. ते मी महिन्याभरापूर्वी भरून दिलं. ज्या दिवशी ती नेली त्या दिवशी मी सिल्लोडला बहिणीकडे साखरपुड्याला गेले होते. ती कशावर नेली, कशी नेली, मी विचारलंच नाही. ही माझी चूक, ती मी आधीच कबूल करते.

दुपारी ट्रॅक्टर दारात थांबला. मागे उसाची ट्रॉली, ट्रॉलीवर बोट. चालवायला सोमनाथच्या गावचा बागायतदार इंद्रजीत, स्वतः. त्यांच्या घरची तीस एकर बागायत, दोन ट्रॅक्टर, चार ट्रॉल्या. बोटीच्या काठाला धरून सोमनाथ आणि त्याच्या शेजारी भागूबाई, त्या नऊ बायकांची मुकादम. ट्रॉली पुरती थांबायच्या आत तिनं तोंड सुरू केलं.

"भाभी, पोटापुरतं काम करतो आम्ही, जीव द्यायला नाय निघालो! मधोमध पाणी आलं. घोट्यापर्यंत! माझ्यासंगं दोन लेकुरवाळ्या पोरी व्हत्या. तुला काम येत नसंल तर नाय म्हणायचं व्हतं!"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी हातातला रोलर फेकून मारला असता. पण घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून डब्याच्या झाकणानं पाणी उपसणाऱ्या बाईला मी काय बोलणार? ती रागावली होती ते बरोबरच होतं, फक्त चुकीच्या माणसावर रागावली होती.

इंद्रजीत खाली उतरून साखळी सोडायला गेला.

"थांबा," मी म्हणाले. "साखळीला हात लावू नका. आधी मला बघू द्या."

मी ट्रॉलीवर चढले. बोटीवरून या काठापासून त्या काठापर्यंत दोन साखळ्या टाकल्या होत्या आणि पहारीनं पीळ घालून अशा आवळल्या होत्या, की बोटीचे काठ आत वाकले होते. साखळीखाली ना गोणपाट, ना चिंधी. मागचं इंजिन तसंच लटकलेलं, आणि बोटीची मागची बाजू दोन हात ट्रॉलीच्या बाहेर अधांतरी. मी वाकून खाली पाहिलं. ट्रॉलीचा पत्रा कुजला म्हणून त्यावर दोन लोखंडी अँगल आडवे वेल्ड केलेले. त्यांची धार वर. बोट सगळी त्या दोन धारांवर बसली होती, आणि वरून साखळ्या तिला त्या धारांत दाबत होत्या.

"आता सोडा," मी म्हणाले.

बोट उतरवून पालथी घातली. माझा जोड डाव्या बाजूला होता तसाच होता. नख फिरवलं तरी कुठं अडकेना, इतका साफ. भेगा होत्या त्या त्याच्यापासून वीतभर लांब. दोन भेगा, तळावर आडव्या, पट्टी ठेवून ओढल्यासारख्या सरळ. खडकानं फुटलेली बोट अशी सरळ फुटत नाही. मी टेप घेतला, दोन भेगांमधलं अंतर मोजलं. मग ट्रॉलीवर चढून दोन अँगलमधलं अंतर मोजलं. टेप भागूबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तू मोज."

तिनं मोजलं. दोनदा मोजलं. मग सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथनं मिठाची गुळणी धरली होती.

"मागच्या वेळी पण याच ट्रॉलीवर नेली होती?" मी विचारलं.

"व्हय," तो पुटपुटला.

"अशीच बांधून?"

इंद्रजीत हसला. "भाभी, आमाला बांधायला शिकवता व्हय? पंधरा वर्षं ऊस वाहतोय. कारखान्यापर्यंत एक कांडकं खाली पडू दिलं नाय कधी. साखळी करकरली नाय तवर मी गाडी हलवत नाय."

आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं. ऊस आवळला की बसतो, जितका आवळाल तितका घट्ट. त्याच्या बापानं त्याला तेच शिकवलं, त्यानं सोमनाथला तेच दाखवलं. साखळी करकरली की माल सुरक्षित. करकरली ती साखळी नव्हे, बोटीचं बूड होतं, हे ऐकायला कुणाला कान नव्हते.

"भाऊ, ऊस दाबला की बसतो. बोट दाबली की फुटते."

"अठरा वर्षांची बोट हाय. कधी ना कधी फुटणारच. तुमचं काम कच्चं नाय म्हणत मी. पण खापर माझ्या ट्रॉलीवर कशाला? फुकट आणतोय, फुकट नेतोय. ह्याच्याकडून डिझेलसुद्धा घेत नाय."

फुकट! तिथं मला कळलं सोमनाथ का गप्प आहे. ज्याची ट्रॉली फुकट मिळते त्याला कोण सांगणार, की मालक, तुमची साखळी जरा सैल करा? उपकार करणारा वर मान करून बोलतो, उपकार घेणारा खाली मान घालून ऐकतो, आणि मध्ये नऊ बायका पाण्यात. मला त्या इंद्रजीतपेक्षा सोमनाथचा राग आला. आणि त्याच्यापेक्षाही जास्त राग आला जेव्हा खुर्चीतून इलियास खोकत म्हणाला, "मैं बोला था उनको उस दिन. दो बार बोला. सुने नहीं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू झगडा करती."

"झगडा केला असता तर बोट फुटली नसती!"

महिनाभर या माणसाला माहीत होतं. रात्री त्याला शांत झोप लागत होती. मला वाटलं, खुर्चीसकट उचलून रस्त्यावर नेऊन ठेवावं.

बोट ठेवून घेतली. तीन आठवडे लागतील, असं मी सांगितलं. चौथ्या दिवसापासून इंद्रजीतचे फोन सुरू झाले. पलीकडच्या काठावरचा कापूस त्याच्या सासऱ्याचा होता आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. "भाभी, लांबी भरा, वरून रंग मारा, पाठवून द्या. आठवडा निघंल." लांबी भरायची म्हणे! लांबी म्हणजे पुट्टी, ती भिंतीला असते, मोटारीच्या पोचाला असते. पाण्यात नऊ जीव नेणाऱ्या बुडाला लांबी भरायची कल्पना ज्याला सुचते त्याला आधी त्या बोटीत बसवावं.

ते माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं.

आठ दिवस बोट नुसती वाळवली. जुनं फायबर पाणी पितं, ओल्या अंगावर रेझिन धरत नाही. मग रुपयाच्या नाण्यानं सगळा तळ ठोकून पाहिला. चांगल्या जागी ठण वाजतं, थर सुटलेल्या जागी भद वाजतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना भद वाजत होतं, दिसत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी लांबपर्यंत. तेवढं सगळं ग्राइंडरनं काढलं, कडा उताराच्या घासल्या, म्हणजे नवा थर जुन्यावर पसरून चिकटेल. आतून दोन थर, बाहेरून चार, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढला. इलियास खुर्चीतून सांगत होता, "उधर, उधर रह गया," आणि मी त्याच्याशी न बोलता उधर रोलर फिरवत होते. थर चढवायच्या पाचव्या दिवशी बोलले, कारण रेझिन घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा ते थंडीत त्यालाच नीट कळतं. शेवटी बोट टायरांवर सरळ बसवून आत वीतभर पाणी भरलं आणि एक दिवस ठेवलं. खाली कागद अंथरले होते. एकही ओला झाला नाही.

न्यायच्या दिवशी तीच ट्रॉली आली. तेच अँगल. साखळ्या सीटमागे गुंडाळलेल्या. भागूबाई आणि सोमनाथ बरोबर होते. मी सकाळीच शेडच्या दारात सहा जुने टायर, दोन लाकडी ओंडके आणि ट्रकवाले वापरतात तसे चार चपटे पट्टे काढून ठेवले होते.

इंद्रजीतनं ते पाहिले आणि साखळी खांद्यावर घेतली. "भाभी, पट्ट्यानं काय व्हतंय? पैठण रोडचे खड्डे बघितलेत का? बोट उडून पडंल."

मी भांडले नाही. माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी म्हणाले, "तुमची ट्रॉली, तुमची साखळी. पाहिजे तशी बांधा. फक्त आमच्या शेडचा एक रिवाज आहे, तो तुम्हाला सांगते. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं बोटीत पहिल्यांदा बसायचं, पार पलीकडे जाऊन यायचं. इलियास बसायचा. मागच्या वेळी मी नव्हते, राहिलं. आज मी बसणार. आणि ज्यानं बांधून नेली त्यानं माझ्या शेजारी बसायचं."

"मी?"

"तुम्ही. बोट फुटली तर माझ्या हातानं फुटली की तुमच्या, ते दोघांना बसल्या जागी कळेल."

"मला पोहता येत नाय," तो पटकन म्हणाला.

"मालक, आमच्यातल्या एकीला बी येत नाय," भागूबाई म्हणाली.

इंद्रजीतनं खांद्यावरची साखळी परत सीटमागे टाकली आणि सोमनाथला म्हणाला, "टायर आण रं."

मग मी सांगितलं तसं त्यांनी केलं. दोन्ही अँगलच्या मधे ओंडके, त्यावर टायर, म्हणजे बोटीचा कणा सगळीकडून टेकेल, धारेला कुठंच लागणार नाही. इंजिन काढून वेगळं ठेवलं. बोट पुढे सरकवली, वजन चाकांच्या जरा पुढं आणलं, मागची बाजू अधांतरी राहू दिली नाही. पट्टे काठावरून न टाकता पुढच्या आणि मागच्या कड्यांतून ओढले. हलणार नाही इतकेच, करकरण्याइतके नव्हे. सोमनाथ पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "दादा, तिकडचा जरा सैल कर." इंद्रजीतनं केला. इलियासनं खुर्चीतून सगळं पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्याला घरी गेल्यावर चहा करून देणार होते, पण ते त्याला लगेच कळू द्यायचं नव्हतं.

पैठण रोडवर इंद्रजीतनं गाडी इतकी हळू चालवली, की मागचे टेम्पोवाले शिव्या घालत गेले.

धरणावर उतारानं ट्रॉली मागे मागे पाण्यात नेली. बोट आपोआप उचलली गेली, अलगद तरंगली. आठ बाया आधीच काठावर डबे घेऊन थांबल्या होत्या. आधी मी चढले, मग सोमनाथ, मग भागूबाई म्हणाली, मी बी येते. इंद्रजीतनं बूट काढून हातात घेतले. कशाला काढले ते मी विचारलं नाही.

इंजिन सुरू झालं. काठ लांब गेला. मधोमध वारा होता, लाटा बोटीच्या बुडावर आपटत होत्या आणि प्रत्येक लाटेला इंद्रजीत खाली पाहत होता. मग तो वाकला आणि बुडावर तळहात टेकवला. कोरडं होतं. त्यानं हात उचलला, दुसऱ्या जागी टेकवला. तिथंही कोरडं. तरी तो हात काढेना. पलीकडचा काठ येईपर्यंत तो तसाच वाकलेला होता.

भागूबाई त्याच्या समोर बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि शांतपणे म्हणाली, "बघा मालक, नीट बघा. रोज सकाळी आम्ही बी असाच हात टेकवून बसतो."