पुढच्या दाराचा राखणदार

“क्लास? मला?” चर्चच्या स्वयंपाकघरात व्हर्लनने माझ्या ताटातलं भरलेलं अंडं उचलून अख्खं तोंडात टाकलं. “ग्लेंडा, मी सहा वर्षांचा असताना बापाने हातात बंदूक दिली होती. आता या वयात चाप ओढायला शिकू?”

“चाप माकडालाही ओढता येतो,” मी म्हटलं. “हात बाजूला कर. जेवण अजून लागायचंय.”

व्हर्लन माझ्या बहिणीचा नवरा. बहीण गेली, हे ध्यान मागे राहिलं. जन्मभर त्याने गॅसचा ट्रक चालवला. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. निवृत्त झाल्यावर पिस्तूल घेतलं, चर्चने त्याला रविवारी पुढच्या दारावर पहाऱ्याला उभं केलं, आणि साहेबांची मान ताठ झाली. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना हा गाड्यांवर नजर ठेवून उभा. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात शेवटची चोरी झाली ती कोणाच्या तरी पायरीवरच्या भोपळ्याची.

त्या रविवारी जेवणानंतर मतदान होतं. दारावर पिस्तूल घेऊन उभं राहणाऱ्यांनी आधी प्रशिक्षण घ्यावं, असा ठराव होता. तो मांडला होता व्हर्लनच्याच मुलीने, टॅमराने. हेच त्याला झोंबलं होतं.

टॅमरा कॉर्नब्रेडचं भांडं घेऊन आत आली. “डॅडी, दोन शनिवारांचा तर प्रश्न आहे. मी केलाच ना तो क्लास? नेम नंतर शिकवतात. आधी ते अंगावर बाळगायचं कसं, ते शिकवतात.”

“त्यात काय शिकायचंय? पट्टा बांधायला?” तो खो खो हसला आणि कंबर सावरत स्वयंपाकघराशेजारच्या टॉयलेटमध्ये गेला. लहानथोर, बाया-बापे, सगळ्यांना तेवढं एकच टॉयलेट.

जेवणं झाली. पास्टरने विचारलं, “ब्रदर व्हर्लन, काही बोलायचंय?” तो वाटच बघत होता. उठला, छाती काढली.

“वेळ आली तर तुमच्या लेकराबाळांना मी वाचवणार,” तो म्हणाला. “सर्टिफिकेट नाही वाचवणार!”

बाप्यांनी टाळ्या पिटल्या. मी ताटं गोळा करत होते.

तेवढ्यात टॉयलेटकडून बर्डी आली. टॅमराची मुलगी, पाच वर्षांची. दर रविवारी दारात आजोबा तिला पेपरमिंटची गोळी द्यायचे.

“आजोबा, तुमचं हे आत राहिलं.”

तिने पिस्तूल दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. नळी तिच्याच पोटाकडे.

व्हर्लनचा हात कमरेवर गेला. तिथे काही नव्हतं. हात तिथेच राहिला. टॅमरा गुडघ्यांवर बसली. “बर्डी, राजा, बोटं बाजूला घे. हं. आता खाली ठेव. हळू. शाब्बास.”

पोरीने ठेवलं. टॅमराने ते उचलून रिकामं केलं, तेव्हा कुठे मी ताटं खाली ठेवली.

“सेफ्टीचा खटका लावलेला होता,” व्हर्लन म्हणाला. पोरीला जवळ घेणं नाही, माफी नाही. सेफ्टी!

“डॅडी,” टॅमरा म्हणाली, “याला सेफ्टी नसतेच.”

मग मतदान झालं. ठराव पडला. ब्रदर व्हर्लनकडून चूक झाली, कोणाकडूनही होते, म्हणून शिकायची सक्ती नको, असं बाप्यांचं म्हणणं पडलं. अशी अक्कल देव एकेका चर्चला घाऊक देतो.

व्हर्लन अजून पुढच्या दारावर उभा असतो. टॅमरा आता बर्डीला घेऊन मागच्या दाराने, माझ्या स्वयंपाकघरातून आत येते. मला त्याची दया येत नाही.

गेल्या रविवारी तो स्वयंपाकघरात आला आणि पेपरमिंटची गोळी ओट्यावर ठेवली.

“बर्डीला दे.”

“आत्ता येईल ती. थांब, तूच दे.”

तो मागच्या दाराकडे बघत राहिला. बाहेर टॅमराची गाडी थांबल्याचा आवाज आला.

“नको,” तो म्हणाला. “पुढे कोणीतरी पाहिजे ना.” आणि जाऊन उभा राहिला.